स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला, म्हणजे नेमकं काय कळलं?

धडधाकट दिसणारा एखादा माणूस व्यायाम करताना कोसळला की त्या बातमीत बऱ्याचदा एक ओळ असते : 'काही महिन्यांपूर्वीच त्यांची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती.' ती वाचून लोक दोन टोकांना जातात. काहींना वाटतं, मग या चाचणीत काही अर्थच नाही. काही जण लगेच जाऊन स्वतःची चाचणी करून घेतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या हातात 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद पडला की घरादाराची झोप उडते. स्ट्रेस टेस्ट म्हणजे ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी, हृदयाच्या विद्युत हालचालीचा आलेख. दोन्हीकडे समज एकच असतो, की ही चाचणी 'आजार आहे' किंवा 'नाही' असं रोखठोक उत्तर देते. ती तसं उत्तर देत नाही. ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट कळलं तर उगाच घाबरणं टळेल. त्याहून मोलाचं म्हणजे खरं दुखणं अंगावर काढणं टळेल.

बसल्याजागी काढलेला ईसीजी नॉर्मल आहे, मग हे कशाला?

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतंच. ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतून मिळतं. इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. शरीर विश्रांत असताना रक्तातल्या प्राणवायूपैकी साधारण पाव हिस्साच वापरला जातो. काम वाढलं की हातापायांचे स्नायू त्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढून घेतात. हृदयाचा स्नायू मात्र विश्रांतीतही ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू आधीच काढून घेत असतो. म्हणजे काम वाढल्यावर त्याच्यापुढे एकच वाट उरते : जास्त रक्त मागवणं. निरोगी रक्तवाहिन्या हा पुरवठा चार-पाच पटींनी वाढवू शकतात.

अर्धा खणून ठेवलेला रस्ता रात्री दोन वाजता कुणाच्या लक्षातही येत नाही, गाड्या सुसाट जातात. तो खणलेला आहे हे कळतं सकाळच्या गर्दीत. रक्तवाहिनी साधारण ७० टक्के अरुंद झाली की श्रमाच्या वेळी पुरवठा अपुरा पडू लागतो. पण विश्रांतीतला पुरवठा ती ८५-९० टक्के बंद होईपर्यंत बराचसा टिकून राहतो. म्हणून जिना चढताना छातीवर दडपण येणाऱ्या माणसाचा पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ असू शकतो. त्या कागदाच्या भरवशावर निर्धास्त राहणं धोक्याचं आहे.

पुरवठा कमी पडला की झळ आधी बसते ती स्नायूच्या आतल्या थराला. रक्तवाहिन्या बाहेरून आत शिरतात, त्यामुळे आतला थर सर्वांत टोकाला. त्यात हृदय आकुंचन पावताना या वाहिन्या स्वतःच दाबल्या जातात, म्हणून आतल्या थरात रक्त प्रामुख्याने हृदय सैल पडतं तेवढ्या वेळातच पोहोचतं. नाडी वाढली की नेमका हाच सैल पडण्याचा काळ आखूड होतो. मागणी वाढते त्याच वेळी पुरवठ्याची सवड कमी होते. आतल्या थराची ही उपासमार ईसीजीवर दिसते : प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतर जी रेष आडवी, मूळ पातळीवर असायला हवी, ती खाली खचते. या भागाला एसटी म्हणतात. ही रेष आडवी किंवा उतरती राहून एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त खचली, तर डॉक्टर चाचणी पॉझिटिव्ह म्हणतात.

खरी तपासणी पट्ट्यावर चढण्याआधी सुरू होते

१७६८ साली विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एका छातीदुखीचं वर्णन केलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत कोंडल्यासारखं होतं आणि थांबताक्षणी ते नाहीसं होतं. तेव्हा ईसीजी नव्हता, आणि दुखण्याचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आहे हेही त्या वर्णनात नव्हतं. तरी आजही तपासणीची सुरुवात त्याच धर्तीच्या तीन प्रश्नांनी होते. त्रास छातीच्या मध्यभागी, दडपल्यासारखा आहे का? श्रमाने किंवा मनस्तापाने येतो का? थांबल्यावर, किंवा जिभेखाली गोळी ठेवल्यावर, काही मिनिटांत जातो का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर संशय बळावतो. एकाचंही नसेल तर हृदयाचा संबंध असण्याची शक्यता बरीच कमी.

हे प्रश्न दिसतात तितके सोपे नसतात. 'छातीत दुखतं का?' असं विचारलं की पुष्कळ रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दुखणं नसतंच. ते सांगतात 'जड वाटतं', 'आवळल्यासारखं होतं', 'गॅस धरतो', आणि सांगताना छातीवर मूठ किंवा पंजा ठेवतात. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येणारी, दाबल्यावर किंवा श्वास घेताना वाढणारी टोचणी सहसा हृदयाची नसते. काहींना त्रास जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणवतो. मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बऱ्याच स्त्रियांत नुसती धाप लागणं किंवा न पेलणारा थकवा एवढंच लक्षण असू शकतं.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. त्रास होतो म्हणून माणूस नकळत आपला वेग कमी करतो, जिना टाळतो, पिशवी दुसऱ्याच्या हातात देतो. मग त्रास होत नाही, आणि डॉक्टरांनाही तो 'काही नाही' असंच सांगतो. म्हणून 'त्रास होतो का?' याच्या जोडीला 'सहा महिन्यांपूर्वी सहज करत होता असं काय आता करत नाही?' हा प्रश्न विचारायला हवा. माझ्या मते या एका प्रश्नाचं उत्तर कित्येकदा यंत्रापेक्षा जास्त सांगून जातं. घरच्यांनी सोबत जाणं इथे फार उपयोगी, कारण हा बदल रुग्णाआधी त्यांना दिसलेला असतो.

यानंतर रक्तदाब, हृदयाचे आवाज, रक्तातलं हिमोग्लोबिन. रक्त फार कमी असेल किंवा हृदयाची झडप अरुंद झाली असेल, तर रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही श्रमाने छातीत दुखू शकतं.

पट्ट्यावर काय होतं

छातीवर जिथे चकत्या चिकटवायच्या तिथली त्वचा घासून स्वच्छ करतात, केस असतील तर काढतात. नाहीतर चालताना ईसीजीची रेष इतकी थरथरते की एक मिलिमीटरचा फरक वाचताच येत नाही. एरवी मनगटाला आणि घोट्याला लावायच्या तारा इथे खांद्यांजवळ आणि पोटावर सरकवलेल्या असतात. दंडावर रक्तदाबाचा पट्टा. उभं राहून एक ईसीजी निघतो आणि पायाखालचा पट्टा हळूच सरकू लागतो.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत सिअॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ सालची. पहिली तीन मिनिटं वेग ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे रेंगाळत चालण्याइतकाच. पण पट्टा १० टक्के चढाचा, १०० मीटर चाललं तर १० मीटर वर चढल्यासारखा. चौथं मिनिट सुरू होताच वेग ताशी ४ किलोमीटर आणि चढ १२ टक्के. सातव्या मिनिटाला ताशी साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. इथवर चालण्याची सवय नसलेल्यांच्या पोटऱ्या भरून येतात, बोलणं तुटक होतं. दहाव्या मिनिटाला ताशी ६.७ किलोमीटरच्या आसपास आणि १६ टक्के चढ. तिथे बहुतेकांना जवळजवळ धावावंच लागतं. हेबर्डन यांच्या रुग्णाचा तो चढ इथे मोजून मापून उभा केलेला असतो, एवढंच.

या काळात डॉक्टर पडद्याकडे जितकं पाहतात तितकंच चेहऱ्याकडेही. मधूनमधून विचारत राहतात, 'छातीत काही वाटतंय? पाय दुखतायत की धाप लागतेय?' कशामुळे थांबावं लागलं हा रिपोर्टमधला महत्त्वाचा मजकूर असतो. इथे धीर दाखवण्यासाठी छातीतलं दडपण लपवू नये. पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं ईसीजी चालूच ठेवतात, कारण काहींची रेष श्रमात नीट राहते आणि थांबल्यावर खचते.

किती दमेपर्यंत चालायचं, यासाठी २२० मधून वय वजा करून येणाऱ्या नाडीच्या ८५ टक्क्यांचा आकडा वापरतात. साठ वर्षांच्या माणसासाठी १६० चे ८५ टक्के, म्हणजे १३६. हा आकडा ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे १३६ झाले की लगेच पट्टा बंद, असं करणं चूक. माणूस आणखी चालू शकत असेल तर त्याला चालू द्यावं. उलट तिथवर पोहोचण्याआधीच पाय थकले आणि ईसीजी स्वच्छ राहिला, तर उत्तर 'नॉर्मल' असं होत नाही. हृदयावर पुरेसा ताण आलाच नाही, म्हणून निष्कर्ष काढता आला नाही, एवढंच त्याचं उत्तर. नाडी मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं. चाचणीआधी त्या थांबवायच्या की नाहीत, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. मनाने बंद केल्या तर त्रास उसळू शकतो.

शेवटच्या ओळीच्या आधीचे आकडे

रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' या शब्दावर जाते. मला मात्र तो साऱ्या कागदातला सर्वांत कमी माहिती देणारा शब्द वाटतो.

आधी पाहावं, किती मिनिटं चालला आणि किती मेट गाठले. मेट म्हणजे श्रमाचं माप. शांत बसल्यावर शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, तो एक मेट. ब्रूस पद्धतीत तीन मिनिटं पूर्ण झाली की साधारण ५, सहा मिनिटांना ७ आणि नऊ मिनिटांना १० मेट होतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात ट्रेडमिल चाचणीसाठी आलेल्या ६,२१३ पुरुषांचा पुढे काही वर्षं मागोवा घेतला. गाठलेल्या प्रत्येक जास्तीच्या मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. मृत्यूचा अंदाज उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा मधुमेह यांच्यापेक्षाही श्रमाच्या या क्षमतेवरून अधिक नेमका येत होता.

मग रक्तदाब. श्रमात वरचा रक्तदाब चढायला हवा. तो चढला नाही, किंवा सुरुवातीच्या पातळीखाली उतरला, तर ते गंभीर चिन्ह. हृदयाच्या मुख्य डाव्या रक्तवाहिनीत किंवा तिन्ही मोठ्या वाहिन्यांत अडथळा असल्याची शंका येते. चाचणी तिथेच थांबवतात. त्यानंतर, थांबल्यावर नाडी किती झपाट्याने उतरते ते. पहिल्या मिनिटात ती बारा ठोक्यांहून जास्त उतरली नाही, तर तेही चांगलं लक्षण मानत नाहीत.

हे आकडे एकत्र कसे बोलतात, ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडलेल्या एका सूत्रावरून कळतं. चाललेली मिनिटं घ्या. त्यातून एसटी जितके मिलिमीटर खचली त्याची पाचपट वजा करा. छातीत दुखलं असेल तर आणखी ४, आणि त्याच दुखण्याने थांबावं लागलं असेल तर ४ ऐवजी ८ वजा करा. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर धोका कमी. उणे ११ किंवा त्याखाली गेलं तर धोका मोठा. मधले सगळे मध्यम.

आता दोन माणसं घेऊ. पहिला दहा मिनिटं चालला, रेष एक मिलिमीटर खचली, छातीत काही नाही. १० वजा ५, उत्तर ५. दुसरा चौथ्याच मिनिटाला छातीत दुखून थांबला, रेष दोन मिलिमीटर खचलेली. ४ वजा १० वजा ८, उत्तर उणे १४. कागदावर दोघंही 'पॉझिटिव्ह'. ड्यूकच्या ज्या अभ्यासातून हे सूत्र पारखलं गेलं, त्यात कमी धोक्याच्या गटातले ९९ टक्के लोक चार वर्षांनंतर जिवंत होते आणि मोठ्या धोक्याच्या गटातले ७९ टक्के. ते आकडे आजच्या औषधांच्या आधीच्या काळातले, पण दोन गटांतलं अंतर बघा. फार वयस्कर रुग्णांत मात्र या सूत्रावर तेवढा भरवसा ठेवत नाहीत.

एकच रिपोर्ट, पण कुणाचा?

ट्रेडमिलवरचा ईसीजी आजारी माणसाला किती वेळा पकडतो आणि निरोग्याला किती वेळा मोकळं सोडतो, यावर १९८९ साली १४७ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. सरासरी निघाली ६८ टक्के आणि ७७ टक्के. म्हणजे रक्तवाहिनीत अडथळा असलेल्या शंभरांपैकी ३२ जण निसटतात आणि नसलेल्या शंभरांपैकी २३ जणांवर उगाच बोट ठेवलं जातं.

याचा परिणाम कागदावर मांडून पाहू. लक्षणं नसलेली, तरुण-मध्यमवयीन हजार माणसं घेतली आणि त्यातल्या ५० जणांना आजार आहे असं धरलं. चाचणी ५० पैकी ३४ जणांना पकडेल. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी सुमारे २१८ जणांनाही पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २५२ जणांत खरोखरचे आजारी ३४, आठांत एकाच्या आसपास. आता दुसरे हजार घेऊ, श्रमाने छाती भरून येणारे, ज्यांतल्या निम्म्यांना आजार आहे. इथे ३४० खरे पॉझिटिव्ह आणि ११५ खोटे. चार पॉझिटिव्हमागे तिघं आजारी. यंत्र तेच, रेष तेवढीच खचलेली, अर्थ मात्र वेगळा.

दुसऱ्या गटाची उलटी बाजूही पाहायला हवी. तिथे निगेटिव्ह आलेल्या ५४५ जणांत १६० जणांना आजार असतोच. लक्षणं ठळक असताना नुसत्या निगेटिव्ह कागदावर विसंबून राहणं म्हणूनच बरोबर नाही. आणि लक्षणं नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसांची सरसकट अशी चाचणी करणं मला पटत नाही. त्यातून आजारी सापडतात त्याच्या कितीतरी पट भेदरलेली निरोगी माणसं तयार होतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलानेही २०१८ साली अशा लोकांत ही तपासणी करू नये, असाच सल्ला दिला.

मग नॉर्मल रिपोर्टनंतर अटॅक येतोच कसा?

कारण ही चाचणी अरुंदपणा शोधते, आणि हार्ट अटॅक बहुधा फाटण्यातून येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट काही मिनिटांत बंद होते. असा फाटणारा थर पुष्कळदा वाट निम्म्याहूनही कमी अडवणारा असतो. आदल्या दिवशी त्या वाहिनीतून श्रमाला पुरेल इतकं रक्त जात असतं आणि चाचणी खरोखरच नॉर्मल येते. त्या दिवशी चाचणी खोटं बोललेली नसते. तिला जे दिसूच शकत नाही, ते आपण तिला विचारलेलं असतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून धूम्रपान, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्याकडे पाठ फिरवता येत नाही, ते याचमुळे.

त्यापेक्षा थेट सीटी किंवा अँजिओग्राफी का नको?

हा आक्षेप रास्त आहे आणि वैद्यकविश्वही त्या दिशेने सरकलं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० सालीच सांगितलं, की नव्या रुग्णात केवळ ट्रेडमिलच्या ईसीजीवरून निदान करू नये. स्कॉटलंडमधल्या ४,१४६ रुग्णांच्या 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात नेहमीच्या तपासणीला रक्तवाहिन्यांच्या सीटीची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं. सीटीत अरुंद न झालेला, पण साचू लागलेला थरही दिसतो आणि प्रतिबंधक औषधं वेळेत सुरू होतात, हे त्यामागचं संभाव्य कारण.

पण सीटी रचना दाखवते. ५० टक्के अडथळ्याने या माणसाला चढावर त्रास होतो का, तो किती मेट पेलतो, थांबल्यावर नाडी कशी उतरते, हे चित्रावरून कळत नाही. अँजिओग्राफीत तर नळी धमनीतून थेट हृदयापर्यंत न्यावी लागते, ती सर्वांसाठी पहिली पायरी असू शकत नाही. मधला मार्ग म्हणजे श्रम आणि चित्र एकत्र : स्ट्रेस इको, म्हणजे श्रमाच्या जोडीने केलेली हृदयाची सोनोग्राफी, किंवा किरणोत्सारी औषध देऊन काढलेला स्कॅन. रक्त कमी पडलं की हृदयाच्या भिंतीची हालचाल आधी मंदावते, ईसीजी त्यानंतर बदलतो आणि छातीत दुखणं सर्वांत शेवटी. म्हणून इको लवकर पकडतो. ज्यांच्या विश्रांतीतल्या ईसीजीतच दोष आहे, डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विद्युत संदेश अडणं) आहे किंवा पेसमेकर बसवलेला आहे, त्यांची रेष श्रमात वाचताच येत नाही. त्यांना चित्राचीच चाचणी हवी. गुडघ्यांमुळे चालता न येणाऱ्यांना श्रमाऐवजी डोब्युटामिन किंवा अॅडेनोसिन यांसारखं औषध देऊन ती करता येते.

पॉझिटिव्ह म्हणजे आता स्टेंट टाकायचाच ना?

'इस्केमिया' नावाच्या अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते. ताणाच्या चाचणीत मध्यम ते गंभीर दोष सापडलेले, पण प्रकृती स्थिर असलेले. निम्म्यांना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त औषधं. २०२० साली निष्कर्ष आले : साधारण तीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांचं प्रमाण कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांना छातीत वरचेवर दुखत होतं त्यांना स्टेंटने आराम मात्र स्पष्टपणे जास्त मिळाला. मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाची ताकद फार घटलेले आणि औषधांनी न आवरणारा त्रास असलेले रुग्ण यात नव्हते. त्यांचा हिशोब वेगळा. बाकीच्यांना विचार करायला, दुसरं मत घ्यायला सहसा वेळ असतो.

ज्यांनी या पट्ट्यावर चढू नये

चाचणी सुरक्षित आहे, पण धोकारहित नाही. जुन्या मोठ्या पाहणीत दहा हजार चाचण्यांमागे एक मृत्यू, असं प्रमाण दिसलं होतं. म्हणूनच हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र आणि तरबेज माणसं जवळ असल्याशिवाय ती करू नये. नुकताच अटॅक येऊन गेलेला असेल, महाधमनीची झडप अरुंद होऊन लक्षणं दिसत असतील, हृदय निकामी होऊन पाणी साचलेलं असेल किंवा हृदयाच्या स्नायूला सूज असेल, तर थांबायचं.

आणि छातीत दडपण बसल्याजागी येत असेल, वीस मिनिटांहून जास्त टिकत असेल, घाम फुटत असेल, किंवा काही दिवसांत कमी कमी श्रमाने आणि वरचेवर येऊ लागलं असेल, तर स्ट्रेस टेस्टची वेळ घ्यायची नाही. रुग्णवाहिका बोलावून थेट इमर्जन्सी विभागात जायचं. तिथे लगेच ईसीजी काढतात, ट्रोपोनिन या रक्ततपासणीतून हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते पाहतात, आणि दोन्ही पहिल्यांदा नॉर्मल आले तरी काही तासांनी पुन्हा करतात.